दोन नंबर वाढवू का?

शिवकन्याला भुताखेतांची भीती नव्हती, साप-विंचवांची नव्हती. भीती होती ती एकाच गोष्टीची, चालू मशीन बंद करायची. हार्डवेअर इंजिनिअरनं मशीन बंद करायला भ्यावं म्हणजे आचाऱ्यानं चुलीला भ्यावं तशी गत, पण होती खरी. बंद केलेलं परत उठलंच नाही तर? आणि नेमकं त्याच कामासाठी कंपनीनं तिला अंबाजोगाईच्या एका खासगी दवाखान्यात धाडलं होतं, तेही एकटीला. सोबत येणारा सिनिअर मेव्हणीच्या लग्नाला गेला होता. लग्नं काय, मशीन बिघडायच्या दिवशीच निघतात.

दवाखान्याची सर्व्हर-रूम म्हणजे पूर्वीची चादरी-गाद्यांची खोली, तळमजल्यावर जिन्याखाली. आत एक मोठी लोखंडी पेटी आणि तिच्यात फळीवर पुस्तकं लावावीत तशी उभी बसवलेली पातळ मशीनं. यांनाच ब्लेड सर्व्हर म्हणतात. दवाखान्याचा सगळा कारभार दोनच ब्लेडवर चालायचा, एक नंबर आणि दोन नंबर. कोणाला कोणतं औषध दिलं, कोणाला काय सोसत नाही, ही सगळी माहिती मात्र ब्लेडमध्ये नव्हे, शेजारच्या डिस्कांच्या पेटीत साठवलेली. ब्लेडनं त्या पेटीशी बोलायचं ते आपल्या पोटातल्या एका कार्डातून. त्या कार्डाचं नाव फायबर चॅनल अडॅप्टर. एक नंबरचं कार्ड आदल्या दिवशी मेलं होतं, दोन नंबरचंही जुनंच होतं. सगळा गाडा आता दोन नंबर एकटाच ओढत होता.

काम सांगायला सोपं होतं. एक नंबर बाहेर काढायचा, झाकण उघडून नवं कार्ड बसवायचं, परत खणात सरकवायचा आणि डिस्कांच्या पेटीला नव्या कार्डाची ओळख करून द्यायची. तो नीट चालायला लागला की मगच दोन नंबर बंद करून त्याचंही कार्ड बदलायचं. सकाळीच तिनं हे उत्तरेश्वरला दोनदा बजावलं होतं. उत्तरेश्वर म्हणजे दवाखान्याचा कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस. मूळचा केजचा, घरचं किराणा दुकान, निम्मं आयुष्य गल्ल्यावर गेलेलं. माणूस जिवाला जीव देणारा, पण घाईचा. त्याचं टेबल वरच्या मजल्यावर, अतिदक्षता विभागाच्या दाराशी.

"दोन नंबरवर ताण आला तर त्याची मेमरी वाढवता येईल, ते तुमच्या स्क्रीनवरूनच होतं," असंही ती त्याला म्हणाली होती. त्यानं मान डोलावली होती. मान डोलावली म्हणजे कळलं असं समजणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

खाली उतरताना तिला बाहेर एक जीप थांबलेली दिसली. आतून एका बाईला स्ट्रेचरवर घेत होते. बाई तापानं फणफणलेली, शुद्ध हरपलेली. सोबत तिचा नवरा रामप्रसाद, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. उमापूरचं कुटुंब, शेळ्या घेऊन केजच्या बाजूला उतरलेलं. मुक्ताबाई सिस्टरच्या मागं मागं पळत तो सांगत होता.

"बाई, सावित्रीला येक सुई सोसत न्हाई. मागल्या साली इथंच दिलती, तर समदं आंग सुजलं, दम कोंडला, मरता मरता वाचली. ध्यानात ठिवा."

"कोनती सुई, मामा?"

"त्येच तर याद न्हाई. कार्डावर लिवून दिलतं. कार्ड शेळीनं खाल्लं."

मुक्ताबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या. आमच्या कॉम्प्युटरात हाय समदं. डॉक्टर सुई देतील ती बघूनच देतील."

हे ऐकून रामप्रसाद जरा निवला, शिवकन्याची पावलं मात्र थबकली. कॉम्प्युटरात हाय, म्हणजे आपल्या हातात हाय. ती जिन्याखालच्या खोलीत शिरली.

एक नंबर तिनं अलगद बाहेर काढला, टेबलावर ठेवला, झाकण सरकवलं. मनगटाला तार बांधली, अंगातली वीज कार्डात उतरू नये म्हणून. नवं कार्ड खाचेवर धरलं आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. टक् असा आवाज झाला. तिकडं पेटीत दोन नंबरचे पंखे घोंघावत होते. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, कार्ड बसलं का?" उत्तरेश्वर विचारत होता.

"बसलं."

"मग दोन नंबर वाढवू का? लई सुस्त चाललाय. मुक्ताबाईंनी त्या उमापूरच्या बाईचं नाव टाकलंय, पर स्क्रीन नुसती फिरायलीय."

"वाढवा, वाढवा. लवकर वाढवा. वाट कशाची बघताय?"

फोन ठेवून तिनं झाकणाचा एक स्क्रू पिळला असेल नसेल, तोच पंख्यांचा घोंगाट उतरायला लागला. उतरला, उतरला आणि थांबला. खोलीत चिडीचूप झालं. वळून बघायची हिंमत होईना. मग बघितलं. दोन नंबरचा हिरवा दिवा गेला होता.

तिनं फोन लावला. "उत्तरेश्वरभाऊ, काय केलंत?"

"तुमी सांगितलं तेच की. दोन नंबर वाढवला."

"म्हणजे काय केलंत?"

"वाढवला म्हंजे... बंद केला. कार्ड बसलं म्हनलात, मला वाटलं एक नंबर चालू झाला."

आता यात त्याची चूक काढायची तर कशी काढायची? आपल्याकडं दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बाईच्या हातातली बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही, एवढाच त्यातला हिशेब. त्यात या दवाखान्याची आणखी एक कथा होती. कुणातरी पोऱ्यानं पेशंटच्या नातेवाइकांपुढं 'बंद पडलं' म्हणून हाळी दिली होती. बंद पडला होता पाण्याचा कूलर, पण सगळ्या गोतावळ्यानं हंबरडा फोडला. तेव्हापासून मुक्ताबाईंनी वरच्या मजल्यावर 'बंद' हा शब्दच बंद करून टाकला होता. पंखा वाढवा, मशीन वाढवा, सलाईन वाढवा. शिवकन्याही याच जिल्ह्यातली, दुकान वाढवतात हे तिला का ठाऊक नव्हतं? पण सर्व्हरही वाढवतात हे तिच्या बापजन्मी कानावर आलेलं नव्हतं. तिला वाटलं, हा मेमरी वाढवायचं विचारतोय. इथं ध चा मा करायलाही कोणी नव्हतं. शब्द तोच राहिला आणि अर्थ उलटा झाला.

"चालू करा! आत्ताच्या आत्ता चालू करा!" ती ओरडली.

त्यानं चालू केला. दोन नंबरमध्ये क्षणभर घरघर झाली, एक तांबडा दिवा लागला आणि तो तसाच लागून राहिला. वर्षानुवर्षं न थांबलेलं मशीन ते. एकदा टेकलं ते टेकलंच. ज्याला ती आयुष्यभर भीत आली तेच तिच्यापुढं उभं होतं, आणि ते तिच्याच तोंडच्या शब्दानं झालं होतं.

फोनवर आता मुक्ताबाई होत्या. आवाज खाली ठेवून बोलत होत्या, पण घाबरलेलं माणूस लपत नाही. "मॅडम, स्क्रीन काळी झालीय. बाईचा बीपी उतरायलाय. जंतूंचं विष रक्तात भिनलंय, डॉक्टर म्हणतात सुई लवकरात लवकर गेली पाहिजे. कोणती द्यायची न्हाई तेवढं सांगा."

"सांगते, ताई. थोडं थांबा."

"म्या थांबंन. ती थांबंल का?"

क्षणभर शिवकन्याला वाटलं, दार उघडावं, स्टँडवर जावं आणि मिळेल त्या एसटीत बसून निघून जावं. खोटं कशाला सांगा, दाराकडं तिनं बघितलंही. मग एक नंबर उचलला आणि खणात सरकवला. पहिल्या खेपेला तो अडला. दुसऱ्या खेपेला बसला. पंखे पुन्हा घोंघावले.

उत्तरेश्वर जिना उतरून धावत आला. चेहरा पांढराफटक. "ताई, माझ्या हातानं बाई मरंल वो."

"रडू नका. तो खोका उचला. कार्डाचा. वर चिठ्ठी चिकटवलीय, तिच्यावरचा नंबर वाचा."

प्रत्येक कार्डाला आपला एक लांबलचक नंबर असतो. डिस्कांची पेटी त्या नंबरावरून माणूस ओळखीचा की परका ते ठरवते, परक्याला दारात उभं करत नाही. जुनं कार्ड तिच्या ओळखीचं होतं, हे नवं नव्हतं. उत्तरेश्वर वाचायला लागला. गिऱ्हाइकाला यादी वाचून दाखवावी तसा दोन-दोन आकडे, सावकाश, एकेक परत म्हणून. ती लॅपटॉपवर टाकत गेली. एकदा चुकली, खोडलं, परत टाकलं. पेटीनं ओळख मानली. एक नंबरच्या स्क्रीनवर डिस्क दिसली.

"आली!" उत्तरेश्वर म्हणाला.

आली खरी, पण खाली इंग्रजीत एक ओळ उमटली. ही डिस्क कोरी दिसते, वापरासाठी तयार करायची का? हो की नाही.

"हो म्हना की, ताई! तयार करायची का इचारतंय."

फोन टेबलावर तसाच चालू होता. त्यातून मुक्ताबाईंचा आवाज आला, "मॅडम, डॉक्टर म्हणतात आता थांबता येत न्हाई. त्येंनी सुई भरायला सांगितलीय. भरली म्या."

शिवकन्याचं बोट 'हो'वर गेलं. सगळं जग तिला हो म्हण, हो म्हण असं सांगत होतं. पण डिस्क कोरी कशी असेल? आत्ता आत्तापर्यंत तिच्यावर सगळ्या दवाखान्याचं चालू होतं. तयार करणं म्हणजे पुसून काढणं. हो म्हटलं असतं तर सावित्रीबाईच काय, तिथं आजवर आलेला प्रत्येक माणूस पुसला गेला असता. तिनं बोट मागं घेतलं. इतकं झटक्यात घेतलं की कोपर भिंतीवर आपटलं.

"कोरी नाही, भाऊ," ती म्हणाली. "कुलूप आहे. दोन नंबर चालू असताना दुसऱ्या कुणी हात लावू नये म्हणून त्यानं डिस्कला कुलूप घातलेलं. तो गेला, कुलूप तसंच राहिलं. याला आत काही दिसत नाही म्हणून हा कोरी म्हणतोय."

"मंग किल्ली?"

किल्ली म्हणजे एक आज्ञा होती. शिकताना एकदाच दिलेली, तीही सिनिअर शेजारी उभा असताना. आठवेना. डोकं पार रिकामं झालं होतं. तिनं डोळे मिटले, तर पुढं रामप्रसादची घोंगडी दिसायला लागली. उघडले. एक शब्द टाकला, मशीननं नाकारला. शब्दांची अदलाबदल करून परत टाकला.

मशीन गप्प राहिलं. मग ओळींवर ओळी सरकायला लागल्या. कुलूप निघालं. डिस्क उघडली. दवाखान्याचा कारभार एकेक करून जागा व्हायला लागला, सगळ्यात शेवटी पेशंटच्या नोंदी.

"मुक्ताताई, बघा आता! नाव टाका!"

फोनवर खटखट ऐकू आली. मग काहीच नाही. उत्तरेश्वरनं शिवकन्याचा हात कधी धरला ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"उघडलं," मुक्ताबाई म्हणाल्या. मग त्यांनी नोंद पुटपुटत वाचली. "अगं आई. हीच हाय. माझ्या हातात भरलेली हीच हाय."

"दिली का?" शिवकन्या किंचाळली. "ताई, दिली का?"

"न्हाई. न्हाई दिली. टाकून दिली बघा. डॉक्टर दुसरी सांगायलेत."

शिवकन्या मटकन खाली बसली, तिथंच, गार फरशीवर. तिला हसू आलं नाही की रडू. नुसती थंडी वाजत होती.

ऊन उतरल्यावर दारात रामप्रसाद येऊन उभा राहिला. कोणीतरी त्याला ही खोली दाखवली होती. सावित्रीबाईनं डोळे उघडल्याचं त्यानं सांगितलं आणि हात जोडले. शिवकन्या धडपडत उठली.

"मामा, मला हात जोडू नका. ते मशीन माझ्याच बोलण्यानं बंद पडलं होतं. तुमचं माणूस माझ्यामुळं जात होतं."

रामप्रसादला राग आला की नाही, तिला कळेना. मग तो खाली बसला, काठी आडवी ठेवली.

"मशीनचं मला काय कळत न्हाई, पोरी. त्या सुईचं नाव काय हाय, तेवढं मला सांग."

"लिहून देते."

"लिवलेलं मला वाचता येत न्हाई. तोंडानं सांग. कळपातल्या येका येका शेळीचं नाव ठावं हाय मला. हे बी पाठ हुईल."

नाव तिनं नोंदीत पाहून ठेवलं होतं. ती त्याच्यासमोर बसली. "सेफ," ती म्हणाली.

"शेप."

"सेफ. ट्राय. अ‍ॅक्झोन."

"सेप टराय... आक्सान."

"सेफट्रायअ‍ॅक्झोन."

अवघड नाव. असली नावं ठेवणाऱ्यांना कधी कुणाच्या दारात उभं राहून ती सांगावी लागत नाहीत. रामप्रसाद चुकत होता आणि ती सुधारत होती. दोघांपैकी कोणीच कंटाळलं नाही. बाहेर व्हरांड्यातले दिवे लागले. शेवटी त्यानं डोळे मिटून ते सलग म्हटलं, एकही अक्षर न गाळता, आणि पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा.

मग उठला. काठी टेकत, नाव पुटपुटत जिना चढायला लागला. शिवकन्या खालीच उभी राहिली, कान वर लावून. तो वरच्या मजल्यावर पोचला, वळणावर आवाज बारीक झाला. तिथूनही नाव बरोबर येत होतं.