माफीचं पान

ब्रह्मदेशाच्या लढाईतून परतल्यावर मलकापूरच्या सयाजीनं दीड वर्ष खपून एक कादंबरी लिहिली. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा अशीच. जखमी सोबत्याला जंगलात टाकून पळालेला शिपाई गावी येतो आणि सोबत्याची हाक त्याची पाठ सोडत नाही. आधी विहिरीतून येते, मग जात्याच्या घरघरीतून, शेवटी तान्ह्या लेकीच्या रडण्यातून. अखेर शिपाई दार उघडून हाकेमागं जातो, तो परत येत नाही.

सयाजीनं स्वतः गावातल्याच सोबत्याला, गुंडाला, असंच टाकलं होतं. हे त्यानं फक्त धनपालला सांगितलं होतं. धनपाल त्याचा सांगलीच्या शाळेतला जिवाभावाचा दोस्त, आता छापखान्याचा मालक. कादंबरी त्यानंच छापायला घेतली.

शेहेचाळीसच्या दिवाळीआधी पुस्तकांचं पार्सल आलं. सयाजीनं कौतुकानं शेवटचं पान उघडलं. शिपाई दारात होता. पण उंबऱ्याबाहेरच्या सोबत्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. 'जा, सुखानं संसार कर. मी तुला कधीच माफ केलंय.' कोंबडा आरवला, लेक हसली, समाप्त.

त्यातलं एक अक्षरही सयाजीचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्याच मोटारीनं त्यानं सांगली गाठली.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच," धनपाल म्हणाला. नजर मात्र त्यानं वर केली नाही. "माझ्या बहिणीनं, आक्काताईनं प्रुफं वाचली. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. अंधार दाखव गड्या, पण वाचणाऱ्याला त्यात कोंडून ठेवू नये."

"मग मला का नाही विचारलं?"

"तू हो म्हणाला नसतास." धनपालचा आवाज खाली आला. "आणि तुझा शिपाई त्या दारातून गेला, ते वाचून मला तुझीच भीती वाटली. म्हटलं, तुलाच जरा सुटल्यासारखं वाटेल."

"गुंडाच्या तोंडून मला माफी द्यायला तू तिथं होतास का रं? तुझ्यावर भरवसा ठेवून सांगितलं, त्याचं हे केलंस!"

मूळ हस्तलिखित मागून घेऊन सयाजी निघाला. धनपालनं दिलेला चहा टेबलावर तसाच राहिला.

दोन दिवसांनी गुंडाची आई राहीबाई घरी आली. गावातल्या नाथाजी मास्तरांनी सांगलीहून पुस्तक आणून तिला वाचून दाखवलं होतं. तिचा चेहरा कधी नव्हे इतका उजळला होता.

"सयाजी, त्यो शिपाई म्हंजे तूच न्हवं? आन् त्यो पडल्याला माझा गुंडा?"

सयाजीला मान हलवावी लागली.

"मग जाताना माझं लेकरू रागात न्हवतं. त्यानं माफ केलं. व्हय ना?"

एवढं एक 'व्हय' म्हटलं असतं तर म्हातारी सुखानं घरी गेली असती. तोही सुटला असता. तो शब्द त्याच्या जिभेवर आलाही होता.

"न्हाई मावशी. ते पान माझं न्हाई. त्यो हाका मारत व्हता, आन् मी मागं वळून बगितलं न्हाई. म्होरं त्याचं काय झालं, मला ठावं न्हाई."

राहीबाई भिंतीला टेकली.

"कुणाच्या नावानं हाका मारत व्हता?"

"माझ्या. मग तुमच्या."

"तू लिवल्यालं वाच."

सयाजीनं मूळ शेवट वाचला. ओळी दोनदा चुकल्या. शिपाई दार उघडून गेला आणि परत आला नाही, इथं त्यानं कागद खाली ठेवले.

"ह्ये खरं हाय," राहीबाई म्हणाली. "पण तू तर हितंच हायस. दोन साल माझ्या दारावरनं जात व्हतास, तोंडातनं एक सबूद काडला न्हाईस."

ती उठली. सयाजीच्या बायकोनं आणलेला पाण्याचा तांब्या तिनं हातानं बाजूला सारला आणि पदर डोक्यावर ओढून उन्हात चालती झाली.

सयाजीनं धनपालला पत्र लिहिलं, विक्री थांबव म्हणून. महिन्यानं उत्तर आलं: सगळ्या प्रती खपल्या, शेवट लोकांना फार आवडला.