तळघरातल्या टबातला दगड

मी दगड बोलतोय. पण माझ्या बोलण्यावर किती भरवसा ठेवावा, याची मलाच शंका आहे. जर्मनीतल्या ब्रेमरहाफनच्या त्या तळघरात मी सहा आठवडे होतो की आठ, हे आता नीट सांगता येणार नाही. मला अंधारात ठेवलं होतं.

माझा जन्म फिजीच्या उथळ समुद्रातला. मेलेल्या पोवळ्यांचा सांगाडा मी. अंगभर भोकं, आणि भोकाभोकांत बिऱ्हाडं: किडे, खेकडे, स्पंज. एका ओहोटीला कुणीतरी मला पहारीने उचकटलं, ओल्या कागदात गुंडाळलं आणि विमानात घातलं. वाटेत निम्मी बिऱ्हाडं मेली. पोटात ती प्रेतं घेऊनच मी या गावात उतरलो.

खोकं उघडून फोल्कर्टमास्तरांनी नाक दाबलं. ते शाळेत रसायन शिकवून निवृत्त झालेले. मला त्यांनी खाऱ्या पाण्याच्या टबात ठेवलं, पंप लावला, वर काळं कापड टाकलं. रोज दातांच्या ब्रशने ते माझ्या अंगावरचं सडकं खरवडत आणि अधूनमधून पाणी बदलत. याला ते मुरवणं म्हणत. मला मात्र वाटे, हा माणूस माझ्याकडून काहीतरी कबूल करून घेतोय.

त्यांची बायको विब्के जिन्यावर उभी राहून पाहायची. वरच्या घरातल्या काचेच्या टाकीतले मासे तिचे होते. दोन वर्षांपूर्वी मास्तरांनी दुसरा एक दगड नाताळाच्या आधी टाकीत ठेवला आणि दोन दिवसांत तिचे नऊ मासे पोट वर करून तरंगले. उरली फक्त नारिंगी पट्टेवाली जोडी. सडक्यातून पाण्यात उतरणारं विष मोजूनच दगड ठेवला होता, असं मास्तर सांगत. पाहुण्यांना टाकी दाखवायच्या घाईत त्यांनी मोजलंच नसेल, असं विब्केला वाटे.

एके दिवशी मास्तरांनी टबातलं पाणी काचनळीत घेतलं, त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले आणि नळी दिव्यासमोर धरून ओरडले, "विष शून्य आलं गं! बघ, पिवळंधमक. हिरव्याचा लवलेश नाही."

"तेव्हाही शून्यच होतं म्हणे."

"तेव्हाही मोजलं होतं मी."

"हो का? पाहुण्यांचे कोट काढून ठेवताना?"

"तीस वर्षं पोरांना हेच शिकवलंय, विब्के."

"पोरं वाचली हो. मासे नाही वाचले."

त्या क्षणी माझ्या पोटात एक स्पंज सडत होता. पण दगडाला कोण विचारतो?

विब्केने खाली येऊन वास घेतला. काही कळेना. इतके दिवस त्या घरात राहून दोघांचीही नाकं मुरली होती. मग ती वरच्या मजल्यावरच्या आलर्सबाईंना घेऊन आली. या बाईंनी तळघरात प्रेत आहे असं अख्ख्या जिन्याला सांगून टाकलं होतं.

"विब्के, तू जिवंत आहेस हे बघून बरं वाटलं," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, मास्तरांनी तुलाच बुडवलं."

"अजून तरी नाही. जरा वास घेता?"

बाई टबावर वाकल्या आणि झटक्यात मागे सरल्या. "शी! कुजलेली अंडी! तुमची नाकं काय पेन्शनीत निघाली का?"

मास्तरांच्या हातातली नळी अजून पिवळीच होती. विब्के नुसती त्या नळीकडे बघत राहिली. ते बघणं मला शिवीपेक्षा वाईट वाटलं.

पुढे दर शनिवारी, जिना धुवून झाला की आलर्सबाई बादली हातात घेऊनच खाली यायच्या. एका शनिवारी त्या बराच वेळ वाकून राहिल्या आणि म्हणाल्या, "ओहोटीच्या चिखलासारखा वास येतोय. लहानपणी आम्ही कोळंबी वेचायचो, तसा." त्या संध्याकाळी मला टाकीत ठेवलं. नारिंगी जोडी माझ्या कपारीत शिरली आणि जगली.

पण मास्तरांनी पुन्हा नळी हातात धरली नाही. म्हणायचे, मला पिवळं-हिरवं कळेनासं झालंय. पुढे पुढे टाकीसमोर खुर्ची ओढून पुटपुटायचे, "तेव्हा मोजलं होतं ना रे मी?" तो दुसरा दगड मी नव्हे, मी काय साक्ष देणार? खरं सांगायचं तर मलाही त्यांचा संशयच होता.

आता माझ्या अंगावर जांभळ्या शेवाळाची साय धरलीय, भोकांत नवी बिऱ्हाडं आलीत. एवढंच मागणं आहे: आमच्यासारख्यांना मुरवाल तेव्हा बाहेरचं एक नाक बोलवा.

आणि एक. मास्तरांना शाळेपासूनची सवय होती: प्रत्येक बाटलीवर स्वतःच्या सुंदर अक्षरातली चिठ्ठी चिकटवायची, थेट कारखान्याच्या छापावर. नऊ वर्षांनी टाकीखालचं दमट कपाट आवरताना त्या नळीच्या औषधाची बाटली निघाली. चिठ्ठी गळून पडली होती. विब्के काचेजवळ उभी राहून छाप वाचू लागली, मग आत हाक मारली, "फोल्कर्ट, अरे, तू मोजलं होतंस! हे पिवळंच राहणार होतं!"

ती बाटली काचेतून मीही पाहिली. नऊ मासे मेले डिसेंबर ब्याण्णवमध्ये. औषधाची मुदत संपली होती जून एक्क्याण्णवमध्ये.