मुन्शीची घडी

टिकेशले 'विंटेज' हा शब्द कोणी शिकवला देव जाणे. नवेगाव बांधच्या बाजारात त्याचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे, त्यातली अर्धी कव्हरं कोणत्याच मोबाइलले बसत नाहीत. गेल्या महिन्यात त्यानं बापाच्या हातघडीचा फोटो स्टेटसवर टाकला. खाली लिहिलं, 'विंटेज, ओरिजिनल, सगळे पार्ट कंपनीचे.' बाप खाटेवर पडून होता तेव्हा पाणी विचारलं नाही, आणि आता म्हणे बाबूजींची आठवण, फक्त अडीच हजार.

बाबूजी म्हणजे नंदलाल मुन्शी. जंगलातून तोडून, पुडे बांधून आणलेला तेंदूपत्ता जिथं मोजून घेतात त्या फडावर हा माणूस बारा उन्हाळे मुन्शी होता. मुन्शी कसला, राजाच. तोंडात पान, अंगावर कडक इस्त्री आणि डाव्या मनगटावर ती चाबीची घडी. माणसांची रांग लागलेली असायची आणि हा मधेच चाबी पिरगाळे, हात कानाजवळ नेई आणि म्हणे, "चार झाले. फड बंद." ज्याचे पुडे राहिले त्याचे राहिले. दुसऱ्या दिवशी तेच पुडे नेले की पत्ता सुकला म्हणून पायानं बाजूला सारे. हातही लावत नव्हता मेला.

आमचे पुडे बहुतेक वेळा राहत, कारण माझी माय हळू होती. धनवंता नाव, पण धन कधी दिसलं नाही आणि चालणं असं, की गाभणी म्हैस पुढं निघून जाईल. चौथीचा गणिताचा पेपर होता त्या दिवशी तिनं मले शाळेत न पाठवता जंगलात नेलं. म्हणे, दोघी असलो तर आधी पोचू. त्या दिवशीही आम्ही पोचलो आणि मुन्शीनं घडी पाहिली. पत्ताही गेला, पेपरही गेला. मी नापास झाली आणि शाळा तिथंच सुटली. मले मास्तरीण व्हायचं होतं. झाली काय, तर आश्रमशाळेतली स्वयंपाकीण. मास्तरणी येतात, वरणात मीठ कमी आहे म्हणून सांगून जातात.

हे सगळं मी मायले चाळीस वर्षांत हजार वेळा ऐकवलं. भांडण भाजीवरून सुरू होवो की पाण्यावरून, मी शेवटी तिथंच येत होती. तू जरा पाय उचलला असता तर माझी जिंदगी वेगळी असती. ती काही बोलत नव्हती. तिच्या त्या गप्प बसण्याचाही मले राग येई.

म्हणून मले ती घडी पाहिजे होती. हौस नाही, काही नाही. ज्या घडीनं माझी शाळा बुडवली ती माझ्या मनगटावर बांधायची आणि भर बाजारात फिरायचं, बस्स. कोणाले हसायचं असेल त्यानं हसावं. पण पाहिजे होती तीच, फडावरची. वरून मुन्शीची आणि आतून भलत्याच कोणाची, असं असेल तर अडीच हजार कायले घालवू? मी टिकेशले म्हटलं, "सुखरामले दाखवू. तो पास करन तर घेते."

टिकेश सोबत आला. घडी माझ्या हाती द्यायले तयार नाही. "मावशी, तुमच्यावर भरोसा आहे, पण पीस नाजूक आहे," म्हणाला. त्याचा बाप माझ्या मायले 'ए बुढ्ढी' म्हणत होता, तेव्हा ती माझ्या आजच्या वयापेक्षाही लहान होती. आता अडीच हजारांसाठी मी मावशी झाली.

सुखराम म्हणजे बाजारातला जुना घडीवाला. सत्तरी ओलांडली, पण डोळ्याले भिंग लावलं की हात हलत नाही. त्यानं घडीचं मागचं झाकण उघडलं आणि हसायलेच लागला.

"पट्टा नवा, काच नवी," तो म्हणाला. "डब्बा अन् चकती तेवढी मुन्शीची. मशीन तर मीच टाकली दिवाळीनंतर. नागपूरहून मागवून. हा समोर उभा आहे, विचार त्याले."

टिकेश मोबाइलमधे पाहून राहिला होता. "सर्विसिंग केली, असं बोललो होतो मी," तो म्हणाला.

लबाडी बापाची, मशीन नागपूरची. मी म्हटलं, "म्हणजे पहिली मशीन आता खराब झाली?"

"आता कायची? ती कवाचीच मेली होती." सुखरामनं भिंग काढलं. "नावेतून उतरता उतरता मुन्शी बांधाच्या तलावात पडला होता. पाणी गेलं, गंज चढला, काटे जागीच धरले. त्याले फड मिळाला त्याच्या दुसऱ्याच साली. मी म्हटलं, नवी मशीन टाकून देतो. तर म्हणे, कायले? फडावर कोणाले टाइम पाहता येते? काच पुसून दे, चमकली पाहिजे. चाबी नुसती फिरे, आत काही नव्हतं."

मी मनात हिशेब केला. मी चौथीत होती तेव्हा मुन्शीचा सहावा उन्हाळा होता. म्हणजे मेलेल्या घडीत चार वाजत होते. त्याले जेवायचं असेल तेव्हा चार, झोप आली की चार, आमचं तोंड पाहायचा कंटाळा आला की चार.

"पण मावशी, चांगलंच झालं ना," टिकेश म्हणाला. "आता तर टाइम बरोबर दाखवते. तुमच्यासाठी दोनशे कमी करतो."

त्याच्या थोबाडाकडं पाहून मले वाटलं, दोन हाणाव्या. पण ज्याले हाणायच्या होत्या तो मरून गेला. संध्याकाळी सांगते म्हणून मी निघाली.

घरी येईपर्यंत डोकं तापलेलंच होतं. माय ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यापुढं बसली आणि सगळं सांगितलं. घडी मेलेली होती, आपण कधी उशिरा पोचलोच नव्हतो, तू हळू नव्हती. मले वाटलं, मायले धक्का बसेल, ती मुन्शीले शिव्या तरी देईल.

तिनं एक खडा काढून बाहेर टाकला. "मले मालूम होतं," ती म्हणाली.

"काय मालूम होतं?"

"काटे हलत नव्हते त्याचे. पुडे उलटेपालटे करताना त्याचा हात माझ्या नाकासमोरच राहे. आज पाहिले, उद्या पाहिले, काटे तिथंच. मले आकडे नाही येत, पण हललं का नाही हललं एवढं समजते."

"मंग बोलली काऊन नाही?"

"बोलून? फड त्याचा होता. त्यानं आपला पत्ता कायमचा बंद केला असता. तो मनाले येईन तवा बंद करे, म्हणून आधी पोचणं तेवढं आपल्या हाती होतं. तुले त्याच्यासाठीच नेलं."

तेवढ्यात टिकेशचा फोन आला. विचारत होता, घेऊन राहिली का, दुसरंही गिऱ्हाईक आहे. मी नको म्हटलं. मशीन ओरिजिनल नाही म्हणून का, त्यानं विचारलं. त्याले काही सांगावं एवढीही त्याची लायकी नव्हती. मी फोन ठेवला.

"चाळीस वर्षं मी तुले हळू म्हणत आली," मी मायले म्हटलं. "मले तरी सांगायचं होतं. मी काय मुन्शीले सांगायले जाणार होती?"

मायनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. खरंच नवल वाटून राहिलं होतं तिले.

"तू चौथीत होती," ती म्हणाली. "तुले तर घडी पाहता येत होती. मले वाटे, तुले दिसत असन."