कोपऱ्यावरची रेघ

“मॅम, ही भिंत हितल्याच मातीची काय?” बेळगावच्या भव्यानं विचारलं आणि वीस विद्यार्थ्यांनी वह्या उघडल्या.

“हो,” मी म्हणाले. किती सहज म्हणाले!

बंगळूरजवळच्या येलहंक्यातलं हे घर माझं स्वतःचं. आर्किटेक्चर कॉलेजात मी एकोणीस वर्षं मातीची घरं बांधायला शिकवते. पाया खणताना निघालेली माती चाळा, थोडंसं सिमेंट घाला, दाबून ब्लॉक पाडा. भट्टी नको, धूर नको. दुसऱ्यांच्या घरांबद्दल माझी जीभ फार धीट. स्वतःचं घर बांधायची वेळ आली तेव्हा मात्र पाचावर धारण बसली. पावसात भिंत फुगली तर? उद्या विकायचं झालं तर? सरळ सिमेंटचे ब्लॉक लावले आणि वरून मातीच्या रंगाच्या पातळ टाइल्स चिकटवल्या. वर्गात फोटो दाखवून मिरवत राहिले ते राहिलेच. शेवटी मुलांनीच घर बघायचा हट्ट धरला.

खंडोजी गवंड्यांनाही मी फसवलं होतं. ब्लॉक कसे पाडायचे हे कॉलेजात मुलांना खंडोजीच दाखवतात. खरं तर मलाही त्यांनीच शिकवलं. माझ्या घरासाठी त्यांनी माती चाळून ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. मी सांगितलं, पीण्याच्या कारखान्यातून मशीनवर पाडलेले मातीचे ब्लॉक येताहेत, तुम्हाला दगदग नको. “सरी, अक्का,” बरं ताई, एवढंच ते कानडीत म्हणाले होते. आज मुलांबरोबर बसमधून तेही आले होते.

भिंतीवरून हात फिरवत ते कोपऱ्यापाशी गेले आणि थांबले. खऱ्या भिंतीच्या कोपऱ्यावर एका थरात ब्लॉकची लांबी दिसते, पुढच्या थरात रुंदी. हे मीच पहिल्या वर्षाला शिकवते. माझ्या कोपऱ्यावर दोन पातळ कडा एकमेकींना टेकलेल्या होत्या, वरपासून खालपर्यंत एकच सरळ रेघ. खंडोजींनी त्या रेघेवरून नख फिरवलं. माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

“अण्णा, कोपरा कसा बांधलाय बघू की!” भव्या वही घेऊन पुढे आली.

खंडोजी वळले आणि कोपऱ्याला पाठ लावून उभे राहिले. “हितनंच सांगतो. लिवून घे.” मग दोन्ही हातांची बोटं आडवी-उभी ठेवत ते एकेक थर समजावून सांगू लागले. मुलं भराभरा लिहीत होती.

मी जवळ जाऊन हळूच म्हणाले, “खंडोजी, बाजूला व्हा. मी खरं सांगते त्यांना.”

“राहू दे, अक्का,” तेही तितक्याच हळू म्हणाले. “पोरं शिकून तरी जाऊ देत.”

आणि मी मागे सरले. सुटल्यासारखं वाटलं, याची लाज अजून जात नाही.

बसचा हॉर्न वाजेपर्यंत ते उन्हात तसेच उभे होते. मग मुलांच्या मागून चालू लागले. मातीच्या भिंतीला इतका वेळ टेकलेल्या माणसाच्या पाठीवर थोडी तरी तांबडी माती लागतेच. त्यांचा पांढरा शर्ट स्वच्छ होता.