एकेक बोट दोर

टॅम्सिन धापा टाकत माझ्या दारात आली. "बाई, आईची होडी लटकलीय!"

तिची आई लोवेना दोन दिवस इस्पितळात होती. ओहोटी लागली की होडीचे दोर थोडे थोडे सैल करायचे, एवढं काम तिनं अकरा वर्षांच्या लेकीवर सोपवलं होतं. पोर गणितं सोडवत बसली आणि पाणी उतरलं. आमच्या पोर्थवेनिकच्या बंदरात ते दोन पुरुष खोल उतरतं.

धक्क्यावर पोचलो तर होडी पाण्याच्या हातभर वर, खुंट्यांना बांधलेल्या दोन दोरांवर तिरकी टांगलेली. दोर करकरत होते. मायलेकींचं पोट त्या होडीवर.

शेजारचा जागो सुरी उघडून उभा. "सरका बाई, कापतो."

"कापलास तर आपटून फुटेल."

"नाही कापला तर खुंटा उखडेल! हा काय तुमचा वर्ग आहे?"

"वर्गात बसला असतास तर सुरी काढली नसतीस. मागचा दोर धर."

मी पोरीकडे वळले. "टॅम्सिन, आई दोर 'ईझ' कर म्हणाली होती ना? 'ईझ' म्हणजे काय गं?"

"सोडणं," ती रडतच म्हणाली.

"पाऊस 'ईझ' झाला म्हणतो, तेव्हा छत्री मिटतेस?"

"नाही. पडतच असतो. कमी."

"आणि दोर?"

तिनं नाक पुसलं. "कमी करायचा. पण धरून."

"खुंट्यावर वेढे किती?"

"चार."

"दोन काढ. बोटं वेढ्याबाहेर."

दुसरा वेढा निघताच दोर सर्रकन वीतभर पळाला. होडीचं नाक खाली गेलं, आत डबे गडगडले. टॅम्सिन किंचाळली, पण तिनं दोर सोडला नाही.

"घट्ट धर. जागो, आता तू. बोटभर."

"बोटभर!" जागो पुटपुटला. पण त्यानं बोटभरच दिला.

"टॅम्सिन, तू."

मग जागो. मग टॅम्सिन. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी तळ पाण्याला टेकला, होडी डुलली, आणि दोन्ही दोर एकदम हलके झाले.

जागोनं सुरी मिटली. "बांध आता पोरी, आणि घरी जा. गारठलीस."

"अजून ओहोटी आहे, काका," ती म्हणाली, आणि दोर हातात धरून खुंट्यापाशी बसली.