संथ झोक्याने वाकलेले झाकण

मी एक जुनी पोलादी टाकी आहे, मित्रांनो. उंचीने जेमतेम तुमच्या खांद्याएवढी. अणुभट्टीला थंड ठेवणारा द्रव ज्या अवाढव्य टाकीत भरतात, तिची मी छोटी प्रतिकृती. भूकंपात आतला द्रव कसा वागेल, हे आधी माझ्यावर पाहायचे होते.

मला घडवले एका वेल्डरकाकांनी. सांधा जोडून निवला की ते त्यावरून अंगठा फिरवत, मगच चहाला जात. पुढे मला पाण्याने भरून प्रयोगशाळेतल्या हलत्या चौथऱ्यावर बसवले.

पहिल्या चाचणीत चौथरा गदागदा हलला. माझे अंग थरथरले, पण पाणी नुसते डुचमळले. प्रयोगशाळेचे साहेब खूश झाले. "झकास! आता मोठ्या टाकीचं काम सुरू करा."

चाचणी घेणाऱ्या इंजिनिअर बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"साहेब, एकदा हळू हलवून बघू या. लांबच्या मोठ्या भूकंपात जमीन अशी संथ डोलते."

"एवढे धक्के पचवले हिनं, झोक्यानं काय होणार?"

"माझी बहीण त्या भट्टीजवळ राहते, साहेब. तिला काय सांगू, बघायचं राहून गेलं?"

साहेब पुन्हा चौथऱ्याकडे वळले. "बरं, हलवा."

चौथरा पाळण्यासारखा झुलू लागला. मला आधी बरेच वाटले. पण पाण्याला त्या झोक्याची लय सापडली. दर हेलकाव्याला लाट आणखी चढू लागली आणि शेवटी तिने अशी धडक दिली, की बोल्ट तुटले, झाकण वाकले आणि साहेबांसकट सगळे भिजले.

वेल्डरकाकांचा चेहरा पडला. "लेकरासारखी जपली होती हो हिला!"

"काका, बरं झालं, मोठीच्या आधी हिचं वाकलं," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "आतून भिंतीला बांगडीसारखी आडवी कडी बसवता येतील? लाट अडली पाहिजे."

काकांनी नाक ओढले. "न यायला काय झालं?"

कडी बसली, नवे झाकण आले. पुन्हा तोच झोका दिला, तेव्हा लाट कड्यांवर आपटून विरून गेली. मोठी टाकी तशीच बांधली गेली.

आता मी मागच्या अंगणात उभी आहे. माझ्या बुडाशी गंज चढतो, लोक मला सायकली टेकवतात. त्याचा राग नाही. पण मित्रांनो, चाचणीत मोडलेल्या वस्तूला नापास म्हणून हिणवू नका. आणि तुमच्या शाळेचा जिना असो, पूल असो, की पाण्याची टाकी, 'आजवर कुठं काय झालंय?' असे कुणी म्हणाले, तर तेवढ्यावर विसंबू नका. सगळे शांत असतानाच एकदा नीट हलवून बघायला सांगा.