खेळून राहिला

पुण्याच्या माणसाले वऱ्हाडी चिठ्ठी लिहू नये, हे मले त्रेपन्न साली समजलं. आधी कोणी सांगतलं नाही, अन् सांगतलं असतं तरी म्या कोणाचं ऐकलं असतं?

मी मोतीराम. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगात फिटर होतो, अन् जिनिंगाच्या फुटबॉल टीमचा उस्ताद. शेठजीले शिल्डच्या सामन्याईचा भारी नाद. जो टीममंधी, त्याले जिनिंगात बारमाही कायम नोकरी. म्हून पोट्टे बॉलच्या मांगं कमी अन् नोकरीच्या मांगं जास्त पयत. त्याईतच सहदेव होता, अठरा वर्साचा. त्याची माय जाईबाई आमच्याच जिनिंगात कापूस निवडे, हंगामापुरती, रोजानं. पोट्टा जुन्या शहरातून मोर्णा नदी ओलांडून सकाळीच मैदानावर हजर. राईट आउटले, मैदानाच्या उजव्या कडंनं, असा पये का बॅकवाल्याले फक्त धूळ दिसे. दोन वर्सं म्या त्याले तयार केला. आता यादीत नाव लागाचं तेवढं बाकी होतं. "मोतीरामभाऊ, एवढं माह्या पोट्ट्याचं होऊ द्या," जाईबाई रोज म्हणे. मी म्हणो, "झालंच समज, बाई." एवढा शहाणा मी!

त्याच वर्सी नवे मॅनेजर आले, वामनराव, थेट पुण्याहून. माणूस वाईट नाही, पण शुद्ध. इतका शुद्ध का कुत्र्याले बी "आपण जरा सरका" म्हणे. फुटबॉल त्याईनं जन्मात पाह्यला नव्हता, पण टीम तेच निवडणार.

"मोतीराम, अनुभवाला पर्याय नाही," ते म्हणाले.

"साहेब, अनुभव पयत नाही," म्या म्हटलं.

"प्रत्येक खेळाडूविषयी एकेक ओळ लिहून द्या. मी बघतो."

देल्ली लिहून. कामठीहून खुशालराव नावाचा एक एक्केचाळीस वर्साचा गडी आला होता, त्याच्यापुढं लिहिलं, "वीस वर्षे खेळला." सहदेवापुढं मन लावून लिहिलं, "दोन वर्षांपासून खेळून राहिला. फार चांगला खेळून राहिला."

यादी लागली. राईट आउट, खुशालराव. सहदेवाचं नाव वरून खालपर्यंत तीनदा पाह्यलं, नाहीच.

तणतणत हापिसात गेलो. वामनराव चष्मा पुसत होते.

"तुम्हीच लिहिलंत ना, खेळून राहिला? म्हणजे खेळून झालं, आता नुसताच राहिला आहे. अशा उरलेल्यांना शेठजींनी का पोसावं?"

"अहो साहेब, खेळून राहिला म्हंजे खेळतो आहे! आज, आत्ता! जसे तुमी आता बसून राहिले!"

"मी बसून राहिलो?" ते लालबुंद झाले. तिकडं बसून राहिला म्हंजे बिनकामाचा, हे मले काय ठाऊक! एक घोटाळा निस्तराले गेलो अन् दुसरा करून बसलो.

खिडकीतून मैदान दिसे. सहदेव एकटाच बॉल घेऊन पयत होता. वामनरावाईनं बराच वेळ पाह्यलं. चूक समजली त्याईले, मी शपथेवर सांगतो. मंग म्हणाले, "यादीवर शेठजींची सही झाली आहे. आता नाव बदललं, तर माझी चूक झाली असं दिसेल."

"झालीच ना साहेब!"

"ती मराठीची चूक आहे, मोतीराम. तुमच्या."

सहदेवाले सांगतलं, तं त्यानं एकच विचारलं, "उस्ताद, मी कुठं कमी पडलो?" म्या म्हटलं, "तू नाही बाप्पा, मी. एका शब्दात." आठ दिवसात तो अमरावतीले गेला. राजापेठेतल्या कापडवाल्याईच्या क्लबानं त्याले टीममंधी घेतलं अन् दुकानात गठ्ठे उचलाले ठेवलं. जाईबाई एकटी राहिली. माह्यासंगं बोलणं तिनं सोडलं.

अन् आमचा खुशालराव? हंगामात दोनदा पयला. एकदा पगाराच्या दिवशी, एकदा गांधीलमाशी चावली तवा. बाकी वेळ मैदानाच्या मधात कमरेवर हात ठेवून पोट्ट्याईले "पय रे, पय रे" म्हणे. वामनराव टाळ्या पिटत. "पाहा, किती संयम!" शिल्डात अमरावतीनं आमाले चार गोलानं धुतलं, त्यातले तीन सहदेवाचे. वामनरावाईनं शेठजीले कळवलं, "प्रतिस्पर्ध्याकडे अनुभवी खेळाडू होते."

तवापासून दर वर्सी एक नवा म्हातारा. आमची टीम म्हंजे पांजरपोळ झाली. मी पोट्टे तयार करो, ते दुसऱ्या गावाले जात.

सदुसष्ट साली वामनराव माह्या खात्यात हरखून आले. "मोतीराम, मोठा खेळाडू मिळवला! चौदा वर्षांचा अनुभव!" हार घेऊन ठेसनावर गेलो. गाडीतून सहदेव उतरला. एक पाय खाली, मंग दांडा धरून दुसरा. उजवा गुडघा वाकतच नव्हता. वामनरावाईनं गळ्यात हार घातला अन् म्हणाले, "आपण इतकी वर्षं होतात कुठे?"

मी हासलो का रडलो, मले आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानावर तो गुडघ्याले पट्टी बांधत होता. म्या त्याले पुंजाराम दाखवला, एकोणीस वर्साचा, पयून पयून घामाघूम. "तुह्यासाठी याचं नाव काटलं, सहदेव. वामनरावाले गुडघ्याचं खरं सांग, म्हंजे याचं नाव लागते. तूच नाही सांगणार तं कोण सांगन?"

तो मान वर न करता म्हणाला, "माय साठीची झाली, उस्ताद. अजून रोजानंच कापूस निवडते. कायम नोकरी हाये ही. मी काही सांगत नाही."

थोबाडीत द्यावी म्हून माहा हात उचलला गेला. तसाच खाली घेतला.

त्यानं पट्टी घट्ट वढली अन् पुंजारामाकडं पाहून म्हणाला, "त्याले म्हणा, अमरावतीले जाय. गुडघा गेला का हेच लोकं हार घेऊन येतीन त्याले."